हॉलच्या शशीताई

शशीताईंच्या गाडीत बसलेला माणूस कुठेही वेळेवर पोचत नसे. गाडी चांगली होती, चालवायच्याही झकास. पण हॉलला कुलूप लावून निघालं की पुलापर्यंत जायचं, आणि पुलावर त्यांना वाटायचं की भिंतीवरचा चहाच्या पाण्याचा बंब चालूच राहिलाय. मग गाडी उलटी. आत जाऊन बंबाला हात लावायचा, गार आहे म्हणायचं, पुन्हा निघायचं. पुन्हा पूल आला की मागची खिडकी.

माझी त्यांची पहिली भेट याच गाडीत झाली. न्यूझीलंडमध्ये येऊन थोडेच दिवस झाले होते, लायसन नव्हतं, आणि बायकोला पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलातून आणायचं होतं. शशीताई म्हणाल्या, चल, मी निघालेच आहे. त्या निघाल्या, तीनदा. तोवर सुनीता ड्यूटी संपवून हॉस्पिटलच्या दारात थंडीत उभी. गाडीत बसल्यावर तिने एक शब्द काढला नाही, आणि सुनीता बोलत नाही तेव्हा घरी काय होतं ते मला ठाऊक. शशीताईंनी आरशातून बघितलं आणि म्हणाल्या, "त्याला बोलू नकोस गं. काळजी माझी होती. काळजी हा माझा स्वभाव नाही, ते माझं काम आहे."

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी बबन शेलार. नववी नापास, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा नीट जमलं नव्हतं. चिंचवडला मंडप डेकोरेटरकडे होतो. बांबू, कनात, खुर्च्या, यातच जन्म गेला. सुनीता नर्स. तिला इकडे नोकरी लागली आणि तिच्या कागदांत मी "सोबत येणारा" म्हणून लागलो. एअरपोर्टवर तिच्या सुटकेसांचं वजन केलं, माझं केलं नाही, एवढाच काय तो फरक. भाडं परवडेना म्हणून शहरापासून अर्ध्या तासावरच्या एका गावात राहिलो. गावाचं नाव सांगत नाही, सांगून सापडायचं नाही. एक डेअरी, म्हणजे इकडचं कोपऱ्यावरचं दुकान, एक पेट्रोल पंप, एक शाळा आणि तो हॉल. मी लोकांची गवतं कापायचो. पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीची फुलझाडं गवत समजून साफ केली. ती बिचारी म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इकडचं "असू दे". मला वाटलं खूश झाली, म्हणून मी कुंपणाकडचीही कापली.

शशीताई रेगे दादरच्या. त्या आल्या तेव्हा आमच्यातले बरेचसे जन्मलेही नव्हते. यजमान गवताचे शास्त्रज्ञ, पामर्स्टनच्या संशोधन संस्थेत. ते गवतावर डॉक्टर आणि मी गवत कापणारा, त्यामुळे आपला धंदा एकच, असं मी म्हणायचो. ताई हसायच्या, पण मिस्टरांचा विषय निघाला की हॉलच्या किल्ल्या मोजायला लागायच्या. ते गेले, मुलगा ऑकलंडला बॉटनी डाउन्सला गेला, आणि ताई इथेच राहिल्या. त्या गावच्या हॉलच्या सेक्रेटरी होत्या. पगार नाही, मान नाही, गारठा मात्र हीप्स, म्हणजे ढिगाने.

हॉल म्हणजे लाकडाचा लांबोडका डबा आणि वर पत्रा. आपल्याकडची गोदामं दिसायला बरी. पण आतली जमीन बघाल तर नाचून नाचून आरशासारखी झालेली. शंभरावर वर्षांपूर्वी डेन्मार्क, नॉर्वे, इंग्लंडकडून बोटीने आलेल्या लोकांनी इथलं रान तोडलं आणि त्याच लाकडाचा हा हॉल बांधला. शाळा त्यात, कोर्ट त्यात, लग्न त्यात, मयत त्यात. भिंतीवर पहिल्या कमिटीचा फोटो आहे, सात माणसं आणि सात दाढ्या. ताई प्रत्येकाला त्या फोटोपुढे उभं करायच्या. म्हणायच्या, "बघ. बोटीतून उतरले, डोक्यावर धड छप्पर नाही, पायात बूट नाहीत, आणि पहिलं काय केलं? कमिटी." मग थोडं थांबून, "आणि फोटोत कोण नाही तेही बघ. ज्यांचं रान होतं ते माओरी नाहीत. ज्या बायकांनी सातही जणांना जेवू घातलं त्या नाहीत." हे त्या कॉलिनसमोरही म्हणायच्या. कॉलिन म्हणजे हॉलचा चेअरमन, ऐंशीच्या घरातला शेतकरी, कानाला यंत्र. फोटोतली दुसरी दाढी त्याच्या पणजोबाची. तो मान हलवायचा आणि म्हणायचा, खरंय.

ताईंचं एक होतं. मेलेल्या माणसांबद्दल त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं बोलायच्या. ओल्सेन भांडखोर, पण हिशेबाला सरळ. पीटरने मेव्हण्याला सेक्रेटरी करायचा घाट घातला, म्हणून नियम झाला, जाणाऱ्या सेक्रेटरीने नवीन माणूस सुचवायचा नाही, सभेत त्याने तोंड मिटून फक्त लिहायचं. आणि ॲना. ॲनाची गाय मोकाट, लोकांच्या बटाट्यात शिरते, त्यावरून सभेत रात्र झाली. ऐकून माझं डोकं तापलं. म्हटलं ताईंना एवढा त्रास होतोय, आपण जाऊन या ॲनाबाईला सांगू, बाई, गाय बांधा. माझ्या मोडक्या इंग्रजीत गावभर विचारत फिरलो, ॲना कुठे राहते. डेअरीवाला म्हणाला, सरळ जा, मॅक्रोकार्पाच्या झाडांपाशी उजवीकडे. गेलो. कबरस्तान होतं. ॲना तिथे होती, गाईच्या त्रासातून केव्हाच मोकळी झालेली. गावाच्या पहिल्या सभेचा पहिला विषय तिची गाय होता, हे मला मागून कळलं. ताईंना हे समजलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं, कुणीतरी तिला भेटून आलं. सभा म्हणजे तरी काय रे, उभ्याने करायचं भांडण बसून करायचं. गाय होती म्हणून हॉल झाला."

त्या दिवसापासून मी हॉलच्या खुर्च्या लावायला जायला लागलो. मला येत होतं तेवढंच.

मग एका उन्हाळ्यात हॉलभोवती एक माणूस टेप घेऊन फिरताना दिसला. आपला लांबी रुंदी मोजतोय, खाली वाकून हॉलखालचे खांब बघतोय. मला वाटलं रंगारी असेल. मी त्याला "किया ओरा", म्हणजे इकडचा रामराम, केला, टेपचं दुसरं टोकही धरून उभा राहिलो. घरी जाताना ताईंना सांगितलं, रंग लागणार वाटतं. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की मी कुणाचं टोक धरलं होतं.

गोष्ट अशी होती. इकडे घरं खांबांवर उभी असतात, उचलून ट्रकवर घालून कुठेही नेता येतात. काउन्सिलने गावाला सांगितलं होतं, हॉल तुमचा, पण चालवायला गावातल्या तीन माणसांची कमिटी पाहिजे. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार. कमिटी मोडली की हॉल आमचा, आम्ही विकणार. खजिनदार त्याच वर्षी वारला होता. कॉलिनचं गुडघ्याचं दुखणं, पुढच्या सभेपासून तो नको म्हणत होता. आणि ताईंचे डोळे चालले होते. समोर बघितलं की मधलं दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. डॉक्टरने गाडी बंद करायला सांगितली होती, मुलगा हिवाळा संपताना न्यायला येणार होता. तीनही जागा एकदम रिकाम्या. जुन्या लोकांची पोरं-नातवंडं ऑस्ट्रेलियाला, नाहीतर शहरात. आणि टेपवाल्याला समुद्रकाठी सुट्टीचं घर करायचं होतं. मोजमाप त्याच्या खिशात.

ताईंनी हिशेब मांडला, गावात आता उरले कोण. आपले लोक. स्वस्त घरं म्हणून पुण्या-मुंबईची चार-पाच कुटुंबं इकडे आली होती. कोथरूडचा मिलिंद, युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरवर. साठे इंजिनियर, ठाण्याचे. गणपती हॉलमध्ये, कोजागिरी हॉलमध्ये, पोरांची बर्थडे हॉलमध्ये. ताईंनी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलं, आता हॉलचं तुम्ही बघायचं. सगळ्यांना मनातून पाहिजेही होतं. मिलिंदने बायकोला सांगून ठेवलं होतं, सेक्रेटरी मीच होणार. साठ्यांनी हिशेबाचा प्रोग्राम आणला होता. आणि मला, खोटं कशाला बोलू, मला चेअरमन व्हायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सभेला खुर्च्या लावल्या, एकदा त्यातल्या पुढच्या खुर्चीत बसून बघू, एवढंच.

सभा जुलैतल्या, म्हणजे इकडच्या भर हिवाळ्यातल्या, एका रविवारी दुपारी होती. बाहेर बर्फासारखा वारा, आत दोन हीटर. मी खुर्च्या सवयीने मंडपात लावतो तशा लावल्या, मधे रस्ता, पुढे पाहुण्यांसाठी सोफा. तो सोफा शेवटपर्यंत रिकामा राहिला, कारण प्रत्येकजण दुसऱ्याला म्हणत होता, तुम्ही बसा. तिथेच मला समजायला हवं होतं.

कॉलिनने विषय काढला. सेक्रेटरी व्हायला कुणी तयार आहे का? मिलिंदकडे बघून म्हणाला, तू? मिलिंद खुर्चीत सावरून बसला आणि लाजून म्हणाला, छे छे, माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत. कॉलिन म्हणाला, "फेअर इनफ," आणि साठ्यांकडे वळला. खजिनदार? साठे म्हणाले, नाही नाही, मिलिंदला जास्त कळतं. कॉलिन म्हणाला, त्याने तर आत्ताच नको म्हटलं, ठीक आहे. मग माझ्याकडे. "बबन?" मी आठवडाभर आरशासमोर "येस" म्हणायची प्रॅक्टिस केली होती. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, मी? नो नो, आय ॲम नथिंग. आणि मान खाली घालून वाट बघत बसलो, आता म्हणेल, असं कसं, तुलाच व्हायला पाहिजे.

मान वर केली तर कॉलिन कागद गोळा करत होता.

त्याने मला दुसऱ्यांदा विचारलंच नाही. जन्मात पहिल्यांदा माझ्या नकारावर कुणीतरी विश्वास ठेवला होता.

ताई टेबलाच्या कडेला बसून लिहीत होत्या. नियम होता, त्यांनी बोलायचं नाही. पेन हातात तसंच, चेहरा भिंतीसारखा पांढरा. सभा संपली. चहाला उठलो तर आपले सगळे एकमेकांच्या कानाला लागले. मिलिंद मला म्हणाला, आता बाजूला घेऊन विचारतील ना? मी म्हटलं, विचारतील की, असं कसं नाही विचारणार. कॉलिन आला. आम्ही तिघंही हसऱ्या चेहऱ्याने तयार. त्याने एकेकाचा हात हातात घेतला आणि माफी मागितली. म्हणाला, तुम्ही नवीन माणसं, कामाधंद्यात पिचलेली, तुमच्या गळ्यात हे घालायला नको होतं मी. लाज वाटली मला. आणि काठी टेकत गाडीकडे गेला.

घरी जाताना मागच्या सीटवर माझी मुलगी पियू होती. इकडे वाढलेली, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. सुनीताने तिला समजावून सांगितलं, बाबांना चेअरमन व्हायचं होतं, पण झाले नाहीत. पियू म्हणाली, "बट ही आस्क्ड यू, बाबा. यू सेड नो." मी वायपर चालू केला. पाऊस नव्हता.

दुसऱ्या दिवशी गवत कापायला निघालो तर ताई हॉलच्या पायरीवर बसलेल्या. गाडी नव्हती, चालत आल्या होत्या, त्या वाऱ्यात. मी शेजारी बसलो. म्हटलं ताई, आत तरी बसा. त्या म्हणाल्या, "आत बसले तर सवय होते." मला वाटलं आता मला झापतील. झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यांनी सांगितलं, त्या नव्या आल्या तेव्हा याच हॉलमध्ये बायकांनी त्यांच्यासाठी चहा ठेवला होता. प्रवासातून उतरून दोन दिवस झालेले, पोटात काही नाही. बशी पुढे आली, स्कोन घे, म्हणजे इकडचा गोडसर पाव. रीतीप्रमाणे नको म्हणाल्या. बशी निघून गेली. दुसरी आली, ती पण गेली. भुकेल्या पोटी घरी जाऊन रडल्या. "इथे पहिला नकार हाच शेवटचा असतो, हे मी त्या दिवशी शिकले. इतकी वर्षं झाली, विसरले रे की शिकावं लागतं. तुम्हाला बंब दाखवला, फ्यूज दाखवले, कुठली खिडकी ओढून लावायची ते दाखवलं. हो म्हणायला शिकवायचं राहिलं." त्या किल्ल्या मोजायला लागल्या. "चूक माझी. आणि त्या टेपवाल्याने आज सकाळीच काउन्सिलला फोन केलाय."

मी विचारलं, आता? त्या म्हणाल्या, जुन्या लोकांचा एक नियम अजून आहे, सभा फसली तर महिन्याच्या आत एकदा परत घेता येते. एकदाच. तीही फसली तर संपलं. पण त्यासाठी कॉलिनला सांगावं लागेल की या लोकांना हॉल हवा आहे. आणि त्याला ते कळायला हवं.

मीच त्यांना घेऊन गेलो कॉलिनकडे, माझ्या गवताच्या गाडीतून, मागे मशीन खडखडतंय. कॉलिन गोठ्यापाशी होता. ताईंनी सांगितलं, या तिघांनाही यायचं आहे कमिटीत. कॉलिन म्हणाला, मग नको का म्हणाले? ताई म्हणाल्या, "कॉलिन, आमच्यात पहिला नकार म्हणजे नमस्कार असतो." त्याने यंत्र काढून पुसलं, पुन्हा कानात घातलं, आणि ताईंना परत सांगायला लावलं. मग खूप विचार करून म्हणाला, ठीक, किती वेळा विचारू? ताई म्हणाल्या, तीनदा. तो म्हणाला, आणि ज्याला खरंच नको असेल तो? ताई म्हणाल्या, तो तिसऱ्या वेळी आईची तब्येत बरी नाही म्हणेल.

इकडे ताईंनी आम्हालाही शिकवलं. त्यांच्या स्वयंपाकघरात बसवून पाठ करून घेतलं, पोरांना पाढे घेतात तसं. त्या विचारायच्या, आम्ही म्हणायचं येस. एकदम. लाजायचं नाही, शेजाऱ्याकडे बघायचं नाही. साठे प्रत्येक वेळी "येस, बट" म्हणायचे. ताई टेबलावर हात आपटायच्या, बट नको. कधी तो हात नेमका कडेवर लागायचा, डोळे तेवढे गेले होते. मला झोप येईनाशी झाली. रात्री सुनीता म्हणायची, निदान तोंड मिटून झोपा, सारखं येस येस काय.

दुसरी सभा. ताई दोन दिवसांनी निघणार होत्या, मुलगा येऊन दारात उभा होता. बाहेर रस्त्याच्या पलीकडे एक गाडी लावलेली आणि त्यात टेपवाला. आत नाही आला. नुसता बसून होता.

कॉलिन उभा राहिला. त्याने हाताच्या तळव्यावर पेनने काहीतरी लिहून आणलं होतं आणि सारखं त्याकडे बघत होता. म्हणाला, सेक्रेटरी, मिलिंद, तू होशील का? मिलिंद ताडकन उभा राहून म्हणाला, येस. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. कॉलिनने तळव्याकडे बघितलं आणि शिकवल्याप्रमाणे परत विचारलं, नक्की? मिलिंद गोंधळला. येस, म्हणाला, पण जरा हळू. कॉलिनने तिसऱ्यांदा विचारलं, अगदी नक्की ना, मिलिंद? आता मिलिंदचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, या माणसाला मी नको आहे. म्हणाला, तुमच्या मनात दुसरं कोणी असेल तर माझी हरकत नाही. आणि बसला.

कॉलिन हादरलाच. त्याने तर अगदी सांगितल्याप्रमाणे केलं होतं. त्याने साठ्यांकडे बघितलं, साठे मिलिंदकडे बघत होते. हॉलमध्ये फक्त पत्र्याचा आवाज, वाऱ्याने वर खाली होणारा. मला रस्त्यावरच्या गाडीचं दार उघडल्याचं ऐकू आलं, म्हणजे खरंच आलं की भास झाला माहीत नाही.

आणि शशीताई उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत सेक्रेटरीच्या खुर्चीतून त्या सभेत कधी बोलल्या नव्हत्या, आणि त्या हॉलच्या सभेत मराठी तर कुणीच कधी बोललं नव्हतं. त्यांना मी नीट दिसत नव्हतो, त्या माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "बबन. हवंय का नकोय?"

मी म्हटलं, ताई, मला लिहितावाचता धड येत नाही इंग्रजी.

"ते विचारलं नाही. पहिल्या चेअरमनलाही येत नव्हतं, फुली मारायचा. हवंय का?"

सांगतो, कुठल्याही पंगतीत, कुठल्याही कार्यात, स्वतःच्या लग्नातसुद्धा मी तो शब्द उच्चारला नव्हता. आपल्याकडे तो शब्द हावरटांचा. पोटातून उलटी यावी तसा बाहेर आला. "हवंय."

मग साठे म्हणाले, मलाही हवंय. मग मिलिंद, डोळे पुसत, मला तर पहिल्यापासून हवं होतं.

कॉलिनने ताईंना विचारलं, काय म्हणाले? ताई म्हणाल्या, "दे सेड येस, कॉलिन. राइट इट डाउन." आणि स्वतःचं पेन त्याच्यापुढे सरकवलं. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हातारं म्हणालं, पण जाणाऱ्या सेक्रेटरीने सभेत बोलायचं नाही असा नियम आहे. पीटर आणि त्याचा मेव्हणा, मेले आणि आम्हाला गाडून गेले. कॉलिनने भिंतीवरच्या दाढ्यांकडे बघितलं. मग कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मला त्यातला एक शब्द कळला नाही. कुणाला कळला का?" जुन्यांपैकी कुणालाच कळला नव्हता. सभा पार पडली.

खिडकीतून बघितलं तर गाडी निघून गेली होती.

ताई निघाल्या त्या सकाळी मी गेलो होतो. मुलगा सामान भरत होता. चार बॅगा, एक कुकर, मिस्टरांच्या गवताच्या नमुन्यांची पेटी. मी काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हटलं, ताई, आता तुमची काळजी मिटली. त्या माझ्याकडे, म्हणजे माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाल्या, "मिटत नसते रे ती. आता दोघांत वाटली, एवढंच. अर्धी तुझी."

मला वाटलं बोलायची पद्धत आहे. नव्हती. बॉटनी डाउन्सला त्यांच्याभोवती मोठं शॉपिंग सेंटर, गुळगुळीत रस्ते, नातवंडं, सगळं होतं. पण हवामानाच्या बातम्यांत आमच्या भागात जोराचा वारा सांगितला की त्यांचा फोन यायचा. पुढच्या पत्र्याचे खिळे बघितलेस? मी बिछान्यातून बघितले म्हणायचो. त्या म्हणायच्या, अंगावर कपडे घाल आणि जाऊन बघ, मी फोन धरून आहे. आणि खरंच धरून बसायच्या. मी टॉर्च घेऊन जायचो, परत येऊन सांगायचो, आहेत खिळे. मग त्या झोपायच्या. मी नाही.

काही वर्षांनी त्या तिकडेच वारल्या. मुलाने कळवलं. आम्ही अंत्यविधीला जाऊन आलो. कॉलिन तोवर गेला होता, त्याच्या वतीने त्याची पुतणी आमच्याबरोबर आली होती. सगळं नीट झालं. परत येताना गाडीत मिलिंद म्हणाला, ताईंच्या वाटणीच्या काळजीचं आता काय करायचं, कुणाकडे द्यायची. साठे म्हणाले, ते सभेतच ठरवू.

पण त्या रात्री वारा सुटला. मी टॉर्च शोधत होतो. सुनीता अंधारातून म्हणाली, अहो, आता फोन येणार नाही. मी म्हटलं, माहितीये. आणि बूट चढवले. कुणी विचारायच्या आतच मी हो म्हणून बसलो होतो.